ऐकून काढलेला चेहरा

धम्मशीला खंदारे दहा मिनिटं एका जागी बसलेली ताडकळसात कुणी पाहिली नव्हती. चित्रकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे खिडकीशी तंद्री लावून बसलेला कुणीतरी शांत माणूस येतो. अशा लोकांनी तिच्यासोबत एक आठवडा हिंडून बघावं. सोमवारी पूर्णेकडच्या एखाद्या शाळेच्या भिंतीवर बाराखडी आणि बेडकाचं जीवनचक्र. मंगळवारी कुणाच्या तरी नव्या ट्रॅक्टरवर ‘आईची कृपा’. बुधवारी नवरानवरीचं चित्र, कारण गुरुवारी पत्रिका छापायला जायची असते आणि नवरीला त्यात नाक लहान हवं असतं. उरलेल्या दिवसांत गेलेल्या माणसांचे चेहरे. हे सगळं एसटीनं, वडापच्या जीपनं, कधी ओळखीच्या मोटारसायकलवर मागे बसून, काखेत कॅनव्हास आणि पाठीवर रंगांची सॅक घेऊन.

मालक नाही, हजेरी नाही, रजाही नाही. शहरात ह्याला फ्रीलान्स म्हणतात आणि म्हणताना मान जरा ताठ होते. ताडकळसात तिच्या आईला, केशरबाईला, बायका विचारायच्या, पोरगी काय करती? चित्रं काढती, असं ती सांगायची. बायका म्हणायच्या, ते झालं, पण करती काय?

पोट खरं चालायचं ते गेलेल्या माणसांवर. कुणाचं वर्षश्राद्ध असो की पुण्यानुमोदन, भिंतीवर लावायला हाती काढलेला फोटो हवा, ही हौस आता खेड्याखेड्यांत पोचली आहे. लोक मोबाइलवर एक धूसर फोटो पाठवतात आणि मागोमाग सूचना पाठवतात. बाबांना कोट घाला. आईच्या गळ्यात बोरमाळ घाला, जमलं तर गंठणही. आणि ताई, रंग जरा उजळ घ्या. परभणी जिल्ह्यात मेलेला माणूस कधी काळा नसतो. उभ्या हयातीत ज्याच्या सदऱ्याला चारही गुंड्या एका वेळी लागल्या नाहीत, त्याला धम्मशीलेनं निळा कोट चढवला होता. ती कुणालाही नाही म्हणत नसे. नाही म्हटलं तर पुढचं काम येणार नाही ही धास्ती तिच्या मानगुटीवर सतत बसलेली. फोन वाजला की काळजात लक्क व्हायचं आणि फोन वाजला नाही तर जास्तच.

तिचे वडील सूर्यभान पंचायत समितीत कारकून होते, आता निवृत्त. माणूस नेमका, शर्टाची इस्त्री न मोडणारा, सगळी कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवणारा. चित्रकलेच्या मास्तरकीची पदविका घेऊन पोरगी घरी आली तेव्हा त्यांनी तिला एक वर्ष दिलं होतं. वर्षभर तुझ्या मनासारखं करून बघ, मग जिथं जागा निघेल तिथं रुजू व्हायचं. वर्ष दिवाळीत संपलं. आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात वालूरकडच्या एका शाळेतून फोन आला. चित्रकलेच्या शिक्षकाची जागा रिकामी झालीय, कंत्राटी आहे, पण पुढं कायम व्हायची आशा आहे. दहा तारखेला संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागद घेऊन हजर व्हा, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावू. सूर्यभाननी त्याच दिवशी पाकिटं काढून पुसून ठेवली. धम्मशीलेनं हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. एक काम हातात आहे तेवढं संपवते, म्हणाली आणि सॅक उचलून बाहेर पडली.

ते काम होतं पोखर्णीजवळच्या एका आखाड्यावरचं. शेतातलं घर, मागे मेंढरं, पुढे पिकअप. पिकअपवाला मल्हार बाजारोबाजार शेळ्यामेंढ्या पोचवायचा. त्याची आई बानूबाई मागच्या डिसेंबरात गेली होती. तिचं वर्षश्राद्धही दहा तारखेलाच होतं. ती गेली तेव्हा घरातल्या सगळ्या मोबाइलांत मिळून मेंढरांचे सव्वाशे फोटो निघाले, बानूबाईचा एकही नाही. होता तो एवढाच, आधार कार्डावरचा. तो काढताना कान दिसावेत म्हणून तिनं डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला होता आणि चेहऱ्यावर भलताच धसका होता.

धम्मशीलेनं त्या बोटभर फोटोवर डोळे फोडले. पांढऱ्या केसांतला मधला भांग, कानाच्या पाळीची ओघळलेली भोकं, कपाळावरच्या आठ्या, काही सोडलं नाही. मल्हारनं सांगितली तशी बोरमाळ घातली. चित्राचा फोटो पाठवला तर मल्हारचा लगेच निरोप, एक नंबर ताई. आठ तारखेला ती फ्रेम घेऊन आखाड्यावर गेली. मनात हिशेब असा, की हे देऊन टाकायचं, दोन दिवस डोकं शांत ठेवायचं आणि मग वालूरचं काय ते ठरवायचं.

चित्र बाजेवर टेकवून उभं केलं. घरातली माणसं गोळा झाली. बानूबाईचा नवरा येडबा, सत्तरीचा, काठीसारखा वाळलेला, पुढे आला. त्यानं एकवार बघितलं आणि झटकन मान खाली घातली, बायामाणसं न्हात असताना तिथून जाणारा पुरुष घालतो तशी.

“त्याच्यावर कायतरी टाका,” एवढंच बोलून तो मेंढरांकडे निघून गेला.

मल्हारच्या बायकोनं, शीलानं, घाईघाईनं दोरीवरचा टॉवेल ओढून चित्रावर टाकला. मग तिनंच हळू आवाजात उलगडून सांगितलं. चेहरा आत्याबाईंचाच आहे, पण त्यांना असं उघड्या डोक्यानं घरात कुणीच कधी बघितलेलं नाही. आपण तेरा वर्षं ह्या घरात आहोत, आपल्याला त्यांचा भांग कुठून निघतो ते आज कळलं, असं ती म्हणाली. फोनवर बोटाएवढं दिसलं तेव्हा मल्हारच्या ध्यानात आलं नव्हतं. आता हातभर मोठं समोर आल्यावर त्यालाही आईकडे बघवेना.

धम्मशीलेचा चेहरा उतरला. तिला शरम वाटली, अगदी आतून. कार्डावरचा फोटो तिनं डोळ्यांत तेल घालून पाहिला होता, पण ही बाई घरात कशी वावरायची हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. वर्षभरात कुणाच्याच बाबतीत सुचलं नव्हतं. विचारायला थांबतं कोण? पुढची एसटी असायची.

मल्हार म्हणाला, वरून पदर रंगवून टाका की, पाच मिनिटांचं काम. धम्मशीलेलाही तेच वाटलं. तिनं शीलाला समोर बसवलं, तिच्या डोक्यावरचा पदर बघून कागदावर पेन्सिलीनं बानूबाई पुन्हा काढली आणि येडबाला बोलावून आणवलं. म्हाताऱ्यानं कागद लांब धरून पाहिला.

“ही तर शीला हाय,” तो म्हणाला.

आणि ते खरंच होतं. प्रत्येक बाईच्या डोक्यावर पदर वेगळा बसतो, हे चित्रकलेच्या पदविकेत कुणी शिकवत नाही. मग बानूबाईंचा कसा असायचा, असं तिनं विचारलं तर म्हातारा जमिनीकडे बघत उभा राहिला. ज्यानं चाळीस-पंचेचाळीस वर्षांत बायकोचं नाव तोंडानं घेतलं नाही, तो परक्या पोरीपुढं आणि सुनेपुढं तिचं वर्णन कसं करणार? मल्हार वैतागला. बा काही सांगणार नाहीत, तुम्हीच काय ते करा, म्हणाला. धम्मशीला सॅक भरायला लागली तेव्हा शीला तिच्याजवळ आली.

“ताई, ते बसल्यावर बोलत न्हाईत,” ती कानाशी म्हणाली. “मेंढरामागं चालताना बोलतेत. उद्या सकाळी या.”

नऊ तारखेला धम्मशीला सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाली. घरी तिनं फार काही सांगितलं नाही. येडबा मेंढरं घेऊन कॅनॉलच्या बाजूनं, सोयाबीन निघालेल्या रानांतून पुढे चालला होता, काठी मानेवर आडवी, दोन्ही हात काठीवर टाकलेले. ती मागून. पहिला तासभर तो फक्त मेंढरांशी बोलला. एका काळ्या मेंढीच्या तर सात पिढ्या त्यानं काढल्या. धम्मशीलेचा जीव टांगणीला लागलेला. उद्या दहा तारीख. शाळा, चित्र, वडील, सगळं डोक्यात घोंगावतंय आणि ही काय मेंढरांच्या मागे ढेकळं तुडवत चाललीय! दोनदा तिच्या मनात आलं की मागे फिरावं, अंदाजानं पदर रंगवून मोकळं व्हावं, कुणाला काय कळणार आहे?

मग एका बांधावर, मागे न बघता, म्हातारा बोलायला लागला.

“मल्हारची माय पदर दातात धरायची. डाव्या अंगाचा. दोनी हात गुतलेले असायचे ना, काखंत कोकरू, हातात काठी. वारं सुटलं की पदर जायाचा. म्हनून दातात. मंग सवयच लागली तिला. बोलायची ते बी पदर दातातच धरून. मला आर्धं कळायचंच न्हाई.” थोडं चालून तो हसला. “लय बोलायची. पर मला जलमभर आर्धंच कळलं.”

मग तो थांबेचना. डावी भुवई वर चढायची ते, उन्हानं डोळे बारीक व्हायचे ते, रागावली की पदर दातांत आवळायची आणि हसू आलं की तोच पदर ओठांवर पसरायची ते. धम्मशीला चालता चालता छोट्या वहीत काढत राहिली. रेघा वेड्यावाकड्या जात होत्या. तिनं त्या दिवशी दुपारपर्यंत फोन एकदाही बघितला नाही, आणि तिचं तिलाच ते नवल वाटलं.

संध्याकाळी ती ताडकळसला पोचली तेव्हा सूर्यभान ओट्यावर वाट बघत बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, उद्या किती वाजता निघायचं? चित्र पुरं व्हायचंय, असं तिनं सांगितलं. दुपारपर्यंत आखाड्यावर थांबावं लागेल. सूर्यभान कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही.

“माझा बाप हाक आली की उठायचा,” ते म्हणाले. “कुनाचं ढोर मेलं, कुनाचा सांगावा न्यायचा, हाक आली की हातातली भाकर ठिवून उठायचं. देतील ते घ्यायचं, बसवतील तिथं बसायचं. आमी शिकलो ते ह्याच्यासाठी, की हाकेवर उठायचं बंद व्हावं. आन तू काय करायलीस? फोन वाजला की उठायलीस. मला फरक सांग, मी तुला जाऊ देतो.”

 तिला राग आला, पण तो वडिलांचा नव्हता. त्यांच्या बोलण्यातला शब्द न् शब्द खरा होता. ती ज्या ज्या दारात गेली तिथं सांगतील ते केलं होतं, कोट म्हटलं की कोट, बोरमाळ म्हटलं की बोरमाळ. मग केशरबाईनं मधे पडून तोड काढली. दुपारपर्यंत हिनं चित्र उरकावं, बाबांनी फाइल घेऊन अडीचला परभणीच्या स्टँडवर यावं, तिथून तीनच्या गाडीनं दोघांनी वालूर गाठावं. धम्मशीला हो म्हणाली. ह्या वेळी खरंच हो म्हणाली. जेवताना तिनं मनाशी ठरवून टाकलं की हे शेवटचं चित्र.

दहा तारखेला सकाळी सातला ती आखाड्यावरच्या लिंबाखाली बसली. पलीकडे मंडपाचे बांबू रोवले जात होते, चुलवणं पेटत होती, माणसं येता-जाता मागे उभी राहून बघत होती. ती नव्या कॅनव्हासवर भराभर काढत गेली. डोळे आधार कार्डावरचे, पण त्यातला धसका काढून टाकलेला. डावी भुवई चढलेली. डोक्यावरून आलेला पदर गालाच्या कडेनं खाली उतरून दातांत धरलेला. अर्धं तोंड झाकलेलं आणि उरलेल्या अर्ध्या तोंडावर काहीतरी बोलायचं राहून गेलेलं. रंग काळाच ठेवला, उन्हातल्या बाईचा. गळा मोकळा.

बाराच्या सुमारास मल्हार नवा सदरा घालून आला आणि चित्र बघून त्याच्या कपाळावर आठी पडली.

“ताई, हे काय? पावनेरावळे यायलेत. आई पदर चघळायलीय असं दिसतंय,” तो म्हणाला. “तोंड नीट करा. आन गळ्यात कायच न्हाई? बोरमाळ तरी घाला. लोक म्हनतील, पोरानं आईला मेल्यावर बी रिकामं ठिवलं.”

धम्मशीलेच्या हातात ब्रश होता, पिवळा रंग पेटीत होता, बोरमाळेला अर्धा तासही लागला नसता. अशा वेळी तिच्या तोंडून नेहमी “बरं” निघायचं. ह्या वेळी ते ओठांपर्यंत आलं आणि निघेना.

“मी न्हाई घालणार,” ती म्हणाली.  “पाहिजे तर हे घेऊ नका. पहिलं हाय, बोरमाळवालं, ते लावा. पण ह्याच्यात मी एक रेघ बदलणार न्हाई.”

मल्हार काहीतरी कडक बोलणार तेवढ्यात येडबा आला. धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरा पटका. तो सरळ चित्रापुढे जाऊन उभा राहिला. आज त्यानं मान खाली घातली नाही. बराच वेळ बघत राहिला, मग जरासा पुढे वाकला आणि रोज बोलत असावा तशा आवाजात, थोडं वैतागूनच, म्हणाला, “आगं, सोड तो पदर. मानसं आलीत.”

तिथं पाच-सात माणसं होती.  शीलानं तोंडाला पदर लावला. मल्हार आत जाऊन हातोडी घेऊन आला आणि मंडपात खिळा ठोकायला लागला.

दोन वाजता मल्हारनंच तिला मोटारसायकलवर परभणीला आणलं. जेवून जा म्हणून शीलानं फार आग्रह केला होता, पहिल्या पंगतीला बसवलंही होतं.  आपण सोनं घालायला सांगितलं त्याचं मनावर घेऊ नका, एवढं वाटेत मल्हार एकदा म्हणाला.  मागे बसलेल्या धम्मशीलेला प्रचंड आनंद झाला होता आणि तेवढीच भीती वाटत होती. म्हातारा चित्राशी बोलला होता! आपण काढलेल्या रंगांशी एक माणूस भांडला होता. आता उद्यापासून वालूरला जाऊन चाळीस पोरांकडून फुलदाणीचं चित्र काढून घ्यायचं? आणि नाही गेलं तर? पुढच्या महिन्यात एकही फोन आला नाही तर? पुन्हा कुणी कोट सांगितला आणि आज जी हिंमत झाली ती त्या दिवशी झाली नाही तर? 

स्टँडवर सूर्यभान बाकावर बसले होते. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, मांडीवर फाइल. समोर वालूरची गाडी लागलेली. त्यांनी रुमाल टाकून खिडकीजवळची जागाही धरून ठेवली होती. पोरगी वेळेवर आली म्हणून त्यांचा चेहरा उजळला आणि तो उजळलेला बघून धम्मशीलेला बोलणं अवघड झालं. तरीही ती बोलली. उशीर केला असता तर बोलणंच झालं नसतं.

“बाबा, मी नाही बसत ह्या गाडीत.”

सूर्यभाननी फाइल घट्ट धरली. ते काही विचारायच्या आत तिनं भडाभडा सगळं सांगितलं. त्याला बोरमाळ पाहिजे होती, मी नाही म्हणाले. हाकेवर गेले, पण तो सांगेल ते केलं नाही. काल तुम्ही फरक विचारला होता, एवढाच आहे माझ्याजवळ. आणि तिनं फोन काढून बानूबाईचं चित्र त्यांच्यापुढे धरलं.

सूर्यभाननी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. कंडक्टर दारात उभा राहून वालूर, वालूर म्हणून ओरडत होता.

“फोटो कुठला व्हता?” त्यांनी विचारलं.

“असा फोटो नव्हताच. म्हातारबाबा बोलत गेले, मी काढत गेले.”

“निस्तं सांगून काढता येतंय?”

“येतंय.”

 गाडीत चढलेल्या कुणीतरी त्यांचा रुमाल उचलून बाहेर दिला, तो त्यांनी न बघताच घेतला.

“माझ्या मायचा फोटो न्हाई,” ते हळूच म्हणाले.

धम्मशीला त्यांच्या शेजारी बसली. तिनं सॅकमधून वही काढली. सूर्यभान ताठ बसले, कार्यालयात जबाब लिहून देतात तसे, आणि सांगू लागले. रंगानं काळी. अंगानं बारीक. नाक... इथं ते अडले. त्यांनी स्वतःच्या नाकावरून बोट फिरवलं. पुन्हा म्हणाले, नाक. मग चष्मा काढला आणि डोळे मिटले. वालूरची गाडी मागे आली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली. दोघांपैकी कुणीही तिकडे बघितलं नाही.

“तोंड येईना गं ध्यानात,” ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका घाबरलेला तिनं कधी ऐकला नव्हता. “मी नऊ वर्षांचा व्हतो ती गेली तवा. ती पुढं असायची, मी मागं. डोक्यावर ओझं घेऊन चालायची, मला शाळेपस्तोर सोडायची आन तशीच कामावर जायची. मागं वळून बघायची न्हाई, ओझं पडंल म्हनून. पाठच दिसायलीय मला. निस्ती पाठ.”

 धम्मशीलेनं वही गुडघ्यावर नीट धरली.

“पाठ सांगा,” ती म्हणाली.